सहाला निघणारा माणूस

सव्वानऊला, चहाचा कप अजून अर्धा भरलेला असताना, रेकॉर्डवाले काका त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याची माफी मागितली. सव्वीस दिवसांच्या रजेनंतर ते आजच कामावर आले होते. शर्टाला इस्त्री होती, पण कॉलरची एक बाजू आत दुमडली गेली होती. ती बाहेर काढून देणारं माणूस आता घरात नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने नजर पुन्हा कपाकडे वळवली.

"बसा ना काका," तो म्हणाला.

"नाही, बसत नाही. दोनच मिनिटं. त्या दिवशीचं सांगायचं होतं. माझ्यामुळे तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं असेल."

"मला?"

"लोक बोलतातच हो. गाडी चार्ज कशी झाली नाही, सिस्टिम बिघडली होती का, वगैरे. तसं काही नव्हतं. चूक माझीच. प्लग नीट बसला नसणार. सकाळी हिला दवाखान्यात सोडून तसाच इकडे आलो होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. तो खट् आवाज येतो बघा, तो ऐकल्याशिवाय मी कधी गाडीपासून हलत नाही. त्या दिवशी ऐकला की नाही, तेच आठवत नाही. रोज आठवून बघतो."

यावर तो म्हणाला, "होतं असं कधीकधी."

रेकॉर्डवाल्यांनी मान हलवली, जणू त्यांना हवं ते मिळालं, आणि ते खाली आपल्या खोलीत निघून गेले. जुन्या फायलींचं ते तळमजल्यावरचं राज्य एकट्याने सांभाळत त्यांना एकवीस वर्षं झाली होती. हा मात्र कप हातात धरून बसून राहिला. होतं असं कधीकधी. तीन शब्द. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते इतके सहज तोंडातून निघाले होते. खोटं बोलायचं असतं तर जीभ थोडी तरी अडखळली असती. त्याला स्वतःची किळस आली, पण तीही पुरती आली नाही, अर्ध्यावर थांबली. कारण तेवढ्यात समोरच्या पडद्यावर बारा नंबरच्या गाडीची ओळ तांबडी झाली होती आणि हात सवयीने माउसवर गेला होता.

त्याच्या खोलीला एक खिडकी होती. खिडकीतून गाडीतळ दिसायचा, म्हणजे गाडीतळाचं छप्पर दिसायचं: काळ्यानिळ्या सोलर पॅनेलच्या सात रांगा, त्यावर पक्ष्यांनी केलेली घाण, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी वरच्या मजल्यावरून टाकलेला, वर्षभर कुणीच न काढलेला एक हातमोजा. छपराखाली चाळीस गाड्या चाळीस प्लगांना बांधलेल्या असायच्या, पण त्या इथून दिसत नसत. त्याला दिसायच्या त्या पडद्यावर, ओळींच्या रूपात. आकाश स्वच्छ असलं की एका वेळी तीस गाड्या खुशाल खाऊन घेत. ढग आले की बाहेरून येणाऱ्या विजेवर भागवावं लागे, आणि इमारतीचा मंजूर भार असा तुटपुंजा की मग एका वेळी जेमतेम अकरा. मर्यादा ओलांडली की वरच्या मजल्यावरच्या लिफ्टा बंद पडत आणि त्यानंतर अर्धा तास त्याच्या फोनला उसंत नसे. ऊन वाटणं हे त्याचं काम होतं. कचेरीत त्याला वीजमंत्री म्हणत. सुरुवातीला त्यात थोडी गंमत होती, मग सवय झाली, आणि आता नवीन आलेल्यांना ते त्याचं आडनावच वाटे.

वाटप तसं सोपं होतं. सकाळी आलं की गाडी प्लगला लावायची आणि फोनवर एकच गोष्ट भरायची, आपण किती वाजता निघणार ते. लवकर जाणाऱ्याला आधी, उशिरा जाणाऱ्याला नंतर. पण माणसांना हे कळायला जेमतेम पंधरा दिवस लागले की लवकरची वेळ टाकली तर गाडी लवकर भरते. तेव्हापासून लोकांनी भरलेल्या वेळांवर विश्वास ठेवला तर ही कचेरी रोज दुपारी एकपर्यंत रिकामी व्हायला हवी होती. तिसऱ्या मजल्यावरचे खरेदीवाले गेली चार वर्षं रोज साडेअकराला निघत होते आणि रोज साडेपाचला खाली येत होते. जाहिरातवाल्या बाई दर दिवशी बारा वाजता त्यांच्या आईला डॉक्टरकडे नेत. त्या आईची आता त्यालाही काळजी वाटू लागली होती. तो हे सगळं बघे आणि सोडून देई. भांडून कोण कुणाला सुधारतं. चाळीस ओळींत एकच ओळ अशी होती जी रोज खरं बोलायची. प्लग सत्तावीस, निघण्याची वेळ सहा. आणि सहा वाजून चार मिनिटांनी रेकॉर्डवाले बाहेर येत, प्लग काढत, केबलचे तीन सारखे वेढे करून ती हुकाला टांगत. बाकी सगळे ती जमिनीवर टाकून जात. पावसाळ्यात सफाईवाली म्हणायची, एक तेवढा माणूस आहे ज्याच्या जागी मला वाकावं लागत नाही.

दुपारपर्यंत तो कामात बुडून राहिला, निदान बाहेरून तसं दिसत होतं. आत तो खट् आवाज ऐकू येत होता. त्याला पक्कं माहीत होतं की तो आवाज झाला होता. नोंद होती. आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी सत्तावीस नंबरचा प्लग पूर्ण बसला, गाडीत बारा टक्के शिल्लक, निघण्याची वेळ सहा. हे सगळं त्याने त्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशी काढून बघितलं होतं, खोलीचं दार लावून. खालची ओळही बघितली होती. दहा वाजून अकरा मिनिटं. सत्तावीस. पहिला घास. पुढे ढकलला. हाताने.

पहिला घास हे नाव त्यानेच दिलं होतं. पाच वर्षांपूर्वी ही व्यवस्था बसवली तेव्हा कंत्राटदाराच्या इंजिनिअरने त्याला काहीतरी लांबलचक नाव सुचवलं होतं, पण याने हट्ट धरला. नियम असा की कुणी कितीही वाजता निघणार असो, आल्या आल्या प्रत्येक गाडीला तीस टक्क्यांपर्यंत आधी भरू द्यायचं. न जाणो, कुणाला मध्येच उठून धावावं लागलं तर. मग पुढचं वाटप. "पहिला घास सगळ्यांना," तो मीटिंगमध्ये म्हणाला होता, आणि साहेबांनी हसून मान डोलावली होती. तो दिवस त्याच्या नोकरीतला बहुधा सगळ्यात चांगला दिवस होता. आपण काहीतरी चांगलं केलं असं त्याला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं होतं. त्याच नियमावर त्याने त्या दिवशी दोन टिचक्यांत पाणी सोडलं. आकाश सकाळपासून मळकट होतं, म्हणून पहिल्या घासालाही रांग होती आणि सत्तावीसची पाळी दहानंतरच येत होती. दहा वाजता आकाश पुरतं झाकोळून आलं. भाराचा काटा मर्यादेला टेकला. त्याच वेळी खरेदीवाल्यांचा फोन आला. आज खरंच जायचंय हो, आज चेष्टा नाही, दीड वाजता बाहेर मीटिंग आहे, माझी गाडी आत्ता लावा. कुणाला तरी थांबवावं लागणार होतं. त्याने यादीवरून नजर फिरवली, आणि ती सत्तावीसवर थांबली, थांबली म्हणण्यापेक्षा गेलीच तिथे थेट. हे तर सहाला जाणार. यांचा पहिला घास दुपारी दिला तरी काय बिघडतं. आणि हे कधी बोलत नाहीत.

हे कधी बोलत नाहीत, यासाठी त्याने एक रकानाच केला होता. तो कुणाला ठाऊक नव्हता. प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडा. रकान्याचं नाव त्याने ठेवलं होतं लवचिकता. ऐकायला बरं होतं, आणि अहवालात शोभलंही असतं. खरं तर तो आकडा होता माणूस किती आरडाओरडा करतो त्याचा, उलटा मोजलेला. खरेदीवाल्यांना एक होता. जाहिरातवाल्या बाईंना दोन. पाचचा आकडा मोजक्याच लोकांना, आणि त्यांत रेकॉर्डवाले पहिले. ढगाळ दिवशी पाचवाले थांबत. पाच वर्षांत रेकॉर्डवाल्यांची गाडी किती वेळा शेवटी भरली गेली असेल याचा हिशेब नव्हता, आणि सहा वाजेपर्यंत ती जमेल तशी भरली जायचीच, त्यामुळे कुणाचं काही नडलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी बारा चाळीसला दवाखान्यातून फोन आला. साधं ऑपरेशन होतं, संध्याकाळी भेटतो असं ते बायकोला सांगून आले होते. फोनवर म्हणाले, लगेच या. ते गाडीत बसले आणि निघाले. आकड्याकडे बघितलंच नाही, कारण सकाळी लावलेल्या गाडीत दुपारी काहीतरी असतंच, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दवाखाना बत्तीस किलोमीटर. लांब पुलाच्या मध्यावर गाडीने मान टाकली. पुलावर टॅक्सी थांबत नाही. पूल संपेपर्यंत ते चालत गेले. पोचले तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. तिने दोनदा विचारलं होतं म्हणे, आले का.

पहिल्या घासाला पाऊण तास लागला असता. दहा अकराला चालू होऊ दिला असता तर अकराच्या आत तीस टक्के झाले असते. तीस टक्क्यांत ती गाडी दवाखान्यात जाऊन वर थोडी उरली असती. हे गणित त्याने इतक्या वेळा केलं होतं की आता ते करावं लागत नसे. ते आपोआप होऊन समोर उभं राही, दात घासताना, लिफ्टची वाट बघताना. सव्वीस दिवस त्याने स्वतःला सांगितलं होतं की त्यांना विचारायचं असेल तर ते विचारतील. ते चिडतील, मोठ्याने बोलतील, चौकशी लागेल, आणि मग तो सांगून टाकेल. दुसऱ्याच्या रागाची तो वाट बघत होता, म्हणजे आपल्याला धीर एकवटावा लागणार नाही. आणि आज ते आले, आणि त्यांनी सगळा दोष उचलून आपल्याच डोक्यावर घेतला. नुसता घेतला नाही, तर त्या आवाजाची आठवण काढत ते रोज रात्री अंथरुणावर पडत असणार. तो आवाज झाला होता हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो म्हणाला, होतं असं कधीकधी.

लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता. दोन खोल्यांचं घर, त्यात एकच खिडकी अशी की जिच्यातून थंडीच्या दिवसांत दोन तास ऊन आत येई. त्या खिडकीखालची खाट त्याची होती. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी ताई दाराजवळच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करायची. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. खाट त्याला का, असं कुणी विचारलं नाही, ताईनेही नाही. उलट पाहुणे आले की आई कौतुकाने सांगायची, "आमची ताई फार समजूतदार आहे हो." तो शब्द त्या घरात रोज वापरला जाई, मिठासारखा. दूध कमी पडलं तर ताई समजूतदार. पुस्तकांची एकच पिशवी चांगली उरली तर ताई समजूतदार. एकदा मामा गाडी घेऊन आले होते, धरण बघायला जायचं होतं, आणि ऐन वेळी मामांच्या शेजाऱ्यांचं कोणी वाढलं. एक जागा कमी. ताईच्या दोन वेण्या घालून झाल्या होत्या, बूट पायात होते. आईने काही विचारलं नाही, ती फक्त म्हणाली, "ताई राहील, ती समजूतदार आहे." ताई खाली बसली, तिने बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची नीट घडी करून ते बुटांत ठेवले आणि बूट फळीखाली सारले. तो गाडीच्या मागच्या खिडकीतून बघत होता. धरण कसं होतं ते त्याला आता काही केल्या आठवत नाही. मोज्यांची घडी आठवते. चाळीस वर्षं झाली, अजून ती पांढरी पट्टी दिसते.

मोठं होऊन माणसं वेगळी झाली, पण यादी बदलली नाही. आई ताईकडे. आईला आता एकटं ठेवता येत नाही. ती गॅस चालू ठेवते, दार उघडं टाकते, मधूनच चप्पल घालून रस्त्यावर जाते. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर, एकटा. दर रविवारी ताईचा फोन येतो आणि ती त्याच्या खोकल्याची चौकशी करते. दोन महिन्यांपूर्वी ती फोन ठेवता ठेवता म्हणाली होती, "जमलं तर एखाद्या शनिवारी आईपाशी येऊन बसशील का? मला जरा डोळे दाखवून यायचंय." जमलं तर. त्या शनिवारी त्याला खरंच जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या शनिवारी पॅनेल धुणारे येणार होते. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच नव्हतं. तो नुसता दमला होता आणि पडून राहिला. ताईने पुन्हा विषय काढला नाही, आणि न काढलेला विषय हा मिटलेला विषय असतो, असं तो धरून चालला होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो जेवायला गेला नाही. त्याने ताईला फोन लावला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं, आणि आपलं ऐकून घेणारं कोण, तर ताई.

"आज मधल्या वारी कसा फोन? बरा आहेस ना?" ती म्हणाली. मागे आई कुणाला तरी हाका मारत होती.

"बरा आहे. ताई, या शनिवारी येतो मी. आईपाशी बसतो दिवसभर. तू डोळ्यांचं करून ये."

"अरे, ते झालं की. आले दाखवून."

"कधी?"

"झाले की तीन आठवडे. शेजारच्या काकूंना बसवलं आईपाशी दोन तास. तुला कुठे सांगत बसायचं, तुझी आधीच धावपळ."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही रे. डाव्यातलं गेलंय बरंचसं. आतला पडदा का काय ते. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं. पण उजवा अगदी चांगला आहे. काम काही अडत नाही. सुईत दोरा ओवायला तेवढा वेळ लागतो." मग आईला उद्देशून, "अगं थांब, आले," आणि पुन्हा त्याला, "तू जेवलास का?"

तो जेवलो म्हणाला. फोन ठेवून तो पडद्याकडे वळला. त्याला रडू आलं नाही. त्याला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला निदान रडू येतं. त्याऐवजी त्याला डोळ्यांसमोर एक रकाना दिसत राहिला, त्यात सगळ्यांची नावं, आणि ताईपुढे पाच. तो आकडा आईने मांडला होता असं आजवर तो समजत होता. आईने फक्त सुरुवात केली होती. खाटेवर झोपणाऱ्याने पुढचं सगळं हाताने चालवलं. ताई चिडली असती तर, एकदा तरी, फोनवर ओरडली असती तर, तो गेला असता. तो माणूस वाईट नव्हता. ओरडणाऱ्याकडे तो नेहमीच धावून जात असे. हीच तर गोष्ट होती. ओरडावं लागत होतं.

पावणेसहाला तो खाली गाडीतळावर गेला. ऊन उतरलं होतं, पॅनेलच्या फटींतून जमिनीवर पट्टे पडले होते. केबली इकडेतिकडे लोळत होत्या. सत्तावीस नंबरशी ती जुनी राखाडी गाडी उभी होती, आज वेळ पुन्हा सहाच भरलेली, आणि आज सकाळी त्याने तिला सगळ्यांच्या आधी भरून टाकलं होतं. बाराच्या आत तिचे शंभर झाले होते. ती अशी भरल्या पोटी उभी आहे याचं त्याला तेव्हा बरं वाटलं होतं, आता लाज वाटली. सहा वाजून चार मिनिटांनी रेकॉर्डवाले आले. त्याला बघून त्यांनी हात वर केला, नेहमीसारखा.

"काका, तुमचा प्लग नीट बसला होता," तो म्हणाला.

ते थांबले. "त्या दिवशी?"

"हो. आवाज झाला होता. नोंद आहे. गाडी मीच थांबवली. प्रत्येकाला आल्या आल्या थोडं भरून द्यायचं असा नियम आहे, तो मी तुमच्यासाठी पुढे ढकलला. ढग आले होते, भार वाढत होता. तुमची वेळ सहाची होती." यापुढचं वाक्य त्याला गिळून टाकता आलं असतं. "आणि तुम्ही कधी तक्रार करत नाही, म्हणून."

रेकॉर्डवाल्यांच्या हातात गाडीची किल्ली होती. ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. बाजूने दोन गाड्या निघून गेल्या, त्यांतल्या एकीने हॉर्न वाजवून त्यांना बाजूला व्हायला लावलं, आणि दोघेही मुकाट्याने बाजूला झाले.

"किती वेळ लागला असता?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तास."

"बस पाऊण तास?"

"हो."

"आणि माझ्याऐवजी कुणाला दिलं?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या खरेदीवाल्यांना. त्यांना दीडला बाहेर मीटिंग होती."

"गेले होते का?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. "नाही. मीटिंग रद्द झाली. साडेपाचला निघाले."

"बरं," रेकॉर्डवाले म्हणाले. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. त्याला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, शिवी देतील, निदान विचारतील की सकाळी का नाही सांगितलंत. त्याला ते हवं होतं. त्यांनी वाकून प्लग काढला, केबलचे तीन वेढे केले आणि ती हुकाला टांगली. मग दार उघडताना, त्याच्याकडे न बघता, ते म्हणाले, "मी वेडा, रोज त्या आवाजाचा विचार करत होतो." आणि गाडी सावकाश निघून गेली. तो तिथेच उभा राहिला. सगळं सांगून टाकल्यावर जीव हलका होतो असं म्हणतात. त्याला तसं काही वाटलं नाही. जे ओझं त्या माणसाच्या डोक्यावर होतं ते उतरलं असेल, पण त्याच्या जागी याने काय ठेवलं, ते याला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्याने तो रकाना पुसून टाकला. चाळीसही आकडे. काम दोन मिनिटांचं निघालं. बाहेर आकाश पुन्हा मळकट होतं. आठ वाजून एक्कावन्न मिनिटांनी पडद्यावर सत्तावीसची ओळ उमटली. प्लग पूर्ण बसला. शिल्लक एकोणऐंशी टक्के. निघण्याची वेळ: साडेदहा.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, काही काम असेल. बँकेत जायचं असेल, दवाखान्यातले कागद आणायचे असतील. माणूस गेल्यावर शंभर ठिकाणी खेटे घालावे लागतात. हे खरं असावं असं त्याला इतकं मनापासून वाटत होतं की सव्वादहाला तो जिना उतरून खाली गेला आणि गाडीतळाच्या तोंडाशी, खांबाच्या आड उभा राहिला. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. गाडी भरून झाली होती, प्लगवरचा हिरवा दिवा संथपणे लागत होता आणि विझत होता. कुणी आलं नाही. परत वर जायला निघाला तेव्हा वाटेत रेकॉर्डची खोली लागली. तिला जाडसर काचेचं दार होतं. आत रेकॉर्डवाले टेबलाशी बसून एका जुन्या फायलीची सुटलेली पानं दोऱ्याने बांधत होते. कॉलर आजही दुमडलेली. त्यांनी मान वर केली आणि त्यांना तो दिसला. हात वर केला नाही. एक क्षण ते बघत राहिले, मग त्यांचा चेहरा उतरला, कान लाल झाले, आणि चोरी करताना सापडलेल्या माणसासारखी त्यांनी मान खाली घातली. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की लाज तुम्हाला नाही, मला वाटायला हवी. पण काच मध्ये होती, आणि तो वर निघून आला.

अकरा वाजता ढग दाट झाले. भाराचा काटा मर्यादेकडे सरकू लागला. एकोणिसाव्या प्लगचा फोन आला, मग खरेदीवाल्यांचा. कुणाला तरी थांबवावं लागणार होतं, आता रकाना नव्हता, आणि तरी त्याचं बोट आपणहून यादीवरून खाली सरकत गेलं. पाच नंबर, अकरा. नऊ, सव्वाबारा. चौदा, साडेअकरा. तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि पुन्हा वर आला. मग पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, एकेका आकड्यावर थांबत. यादीत आता सहा लिहिणारं कुणीच उरलं नव्हतं.